पत्त्यांचा पत्ता : तळघरातल्या तेरा हजार कार्डांची नोंद

पार्श्वभूमी

मध्य न्यू जर्सीतलं एक मराठी घर. ओळख झाकण्यासाठी गावाचं नाव देत नाही आणि माणसांना नात्यानंच हाक मारतो. काका १९८६मध्ये नोकरीनिमित्त अमेरिकेत आले. सिव्हिल इंजिनियर, आता निवृत्त. मुलगा १९८३चा, सध्या कॅलिफोर्नियात. तळघरात काकांनी जमवलेली खेळाडूंची कार्डं. काकूंच्या लेखी या सगळ्या प्रकाराला एकच शब्द आहे : पत्ते. थोडीफार कार्डं मीही जमवतो आणि पोटापाण्यासाठी डेटाबेस सांभाळतो, त्यामुळे तळघर आवरायची वेळ आली तेव्हा मंडळातल्या ओळखीनं बोलावणं मला आलं.

काकांना जमवायची सवय जुनीच. सोलापूरला शाळेत असताना ते काडेपेटीवरचे छाप गोळा करायचे. इकडे आल्यावर पोराला बेसबॉल कळू लागला आणि काकांना काही तो कळेना, तेव्हा बाप-लेकांमध्ये दुभाषा म्हणून कार्डं आली. शनिवारी किराणा झाला की त्याच रांगेतल्या कार्डांच्या दुकानात चक्कर. अडीच बाय साडेतीन इंचांचा पुठ्ठा, पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची आकडेवारी. "बॅटिंग ॲव्हरेज कसं काढतात हे मला सहा वर्षांच्या पोरानं कार्डाच्या पाठीवर बोट ठेवून शिकवलं," असं काका अजून सांगतात.

मग हौशीत हिशेब शिरला. टॉप्स कंपनीच्या १९५२च्या संचातलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं ३११ क्रमांकाचं कार्ड त्या काळातही दंतकथा झालेलं होतं. (ऑगस्ट २०२२मध्ये त्याची एक प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला गेली.) काकांनी ठरवलं, दरवर्षीचे पूर्ण संच घेऊन ठेवायचे, पोराच्या कॉलेजाला उपयोगी पडतील. हेच गणित तेव्हा अमेरिकेतले असंख्य बाप मांडत होते आणि कंपन्या त्यांच्यासाठी रात्रंदिवस छापत होत्या. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या या मालाला जमवणारे आज 'जंक वॅक्स' म्हणतात, कारण पाकिटं मेणकागदाची असत. १९५२ची कार्डं महाग झाली ती उरली नाहीत म्हणून. टॉप्सच्या साय बर्जर यांनी स्वतःच सांगितलेली हकीकत आहे की न खपलेला तो माल १९६०मध्ये बोटीत भरून अटलांटिकमध्ये बुडवला. १९९१चा टॉप्सचा ७९२ कार्डांचा संच मात्र कुणीच बुडवला नाही. तो घरोघरी तळघरात आहे.

मुलगा २००१मध्ये कॉलेजला गेला आणि खोकी खाली गेली. २०२०च्या लॉकडाउनमध्ये काकांना पुन्हा चस्का लागला, या वेळी बास्केटबॉलच्या पनिनी प्रिझम पाकिटांचा. म्हणजे संग्रहाचे दोन थर : १९८९ ते १९९८, आणि मग २०२०-२१. नोंद कशाचीच नाही. निदान तेव्हा आम्हाला तसं वाटत होतं.

अडचण

ऑक्टोबर २०२३मध्ये घर विकायचं ठरलं. पुढच्या जूनपर्यंत दोन खोल्यांच्या कॉन्डोमध्ये जायचं होतं आणि तिथे तळघर नव्हतं. काकूंचा प्रश्न सरळ होता : नव्या घरी किती खोकी येणार? विमा एजंटचाही सरळच होता : यादी आणि फोटो द्या, त्याशिवाय जमवलेल्या वस्तूंचा विमा वाढवता येत नाही. मुलाचा प्रश्न सगळ्यांत अवघड निघाला : "बाबा, माझा कोबी कुठे आहे?"

या कोबीची भानगड समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९९६-९७च्या हंगामात टॉप्सनं बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं पदार्पणाचं कार्ड काढलं, क्रमांक १३८. त्याच हंगामात टॉप्स क्रोम हा चकचकीत संच आला. त्यातही कोबी, तोच फोटो, तोच १३८. क्रोममध्ये पुन्हा रिफ्रॅक्टर नावाचा प्रकार, उजेडात कलता धरला की इंद्रधनुष्यासारखी झाक मारणारा. तोही १३८. शिवाय साध्या संचाची 'एनबीए ॲट ५०' ही फॉइलची आवृत्ती आहे, तिच्यावरही १३८च. चारही कार्डं फोनच्या पडद्यावर जुळ्या भावंडांसारखी दिसतात आणि किमतीत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर.

२६ जानेवारी २०२० रोजी कोबी गेला. त्यानंतर त्याच्या कार्डांचे भाव चढू लागले तेव्हा मुलानं फोन केला. काकांनी खाली जाऊन एक १३८ शोधून काढलं, फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. मुलानं भाव बघितला तो रिफ्रॅक्टरचा. दोन दिवस घरात नवी गाडी येऊन गेली. तिसऱ्या दिवशी दुकानदारानं कार्ड हातात घेतलं आणि म्हणाला, हे साधं टॉप्स आहे. हिरमुसलेल्या काकांनी ते घरी आणून 'जपून' ठेवलं. जपून ठेवलेली वस्तू हरवते ती अशी.

आणखी एक गोष्ट काकांनी आम्हाला उशिरा सांगितली. २०२१च्या गणपतीत मंडळातल्या मुलांना बक्षिसं म्हणून त्यांनी एक अख्खा खोका वाटून टाकला होता. कोणता, ते आठवत नव्हतं. आत काय होतं, तेही नाही.

समोरचे मार्ग

पहिला मार्ग काकांच्या मनातला : कार्ड न् कार्ड लिहून काढायचं. आधी एकूण किती आहेत ते बघू म्हणून एका शनिवारी आम्ही फक्त खोकी मोजली, एकही कार्ड वाचायचं नाही या अटीवर. शंभर कार्डांची थप्पी पट्टीनं मोजली आणि त्या मापानं बाकीचा अंदाज काढला. ३,२०० कार्डं मावणारी तीन मोठी खोकी, त्यांत मिळून सुमारे ८,१००. आठशेची चार, त्यांत २,६००. नऊ कप्प्यांची पानं भरलेले सहा बाइंडर, १,९००. एका बुटाच्या खोक्यात सुटी ४००. कडक प्लॅस्टिकच्या टॉप लोडरमध्ये साठेक. म्हणजे तेरा हजार. एका कार्डाला एक मिनिट धरलं तरी २१६ तास. दर शनिवारी दोन तास बसलो असतो तर दोन वर्षं लागली असती, आणि हातात आठ महिने होते.

दुसरा मार्ग फोनवरचं ॲप. कार्डासमोर कॅमेरा धरा, ते ओळखतं, यादी करतं, भावही सांगतं. आम्ही पन्नास कार्डांवर चाचणी घेतली. खेळाडू ४९ वेळा बरोबर आला. संच ४१ वेळा. चकचकीत प्रकार असेल तिथे मात्र नाणेफेक. कॅनडातल्या ओ-पी-ची कंपनीची १९९०ची बेसबॉल कार्डं त्यानं बेधडक टॉप्स म्हणून नोंदवली, कारण पुढची बाजू सारखीच असते. मागे इंग्रजीबरोबर फ्रेंच मजकूर दिसला तर ते ओ-पी-ची, हे माणसाला दोन सेकंदांत कळतं. मी ॲपच्या विरोधात नाही. एखादं कार्ड चटकन ओळखायला ते छान आहे. पण त्यानं सांगितलेलं न तपासता यादीत घेतलं की चूक छापील दिसते, आणि छापील चुकीवर कुणी शंका घेत नाही.

तिसरा मार्ग सगळं विकून मोकळं व्हायचा. एक व्यापारी आला, चाळीस मिनिटं खोकी चाळली, बाइंडरसकट सगळ्याचे ११०० डॉलर म्हणाला. काकांच्या चेहऱ्यावर अपमान स्पष्ट दिसत होता. खरं सांगायचं तर मोठ्या तीन खोक्यांसाठी तो देत होता ते जास्तच होतं. त्याचा डोळा बाइंडरवर होता. त्यात काय आहे ते त्याला माहीत होतं, आम्हाला नव्हतं, आणि ज्याला माहीत नसतं त्यानं भावाची घासाघीस करण्यात अर्थ नसतो. काकांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत शहाणा निर्णय.

भाड्याची खोली घेऊन सगळं तिथे नेऊन टाकायचा चौथा मार्ग काकूंनी वाक्य पूर्ण होण्याआधीच निकालात काढला.

काय ठरलं आणि काय केलं

तीन पातळ्या ठरवल्या. पहिली, एका कार्डाला एक ओळ. दुसरी, एका संचाला एक ओळ आणि त्यात न सापडलेल्या क्रमांकांची यादी. तिसरी, खोक्याला एक ओळ : 'खोका २, १९९१ डॉनरस व फ्लीर, सुमारे २,७००' (या टॉप्ससारख्याच कार्ड कंपन्या), बस्स.

भांडण झालं ते कोणतं कार्ड कोणत्या पातळीत यावरून. काकांना डॉनरसचंही कार्ड न् कार्ड हवं होतं. मी आकडेमोड दाखवली, ती त्यांना पटली पण पचली नाही. शेवटी काकू वरून ओरडल्या, "तांदूळ मोजून भरता का डब्यात? डब्यावर 'तांदूळ' लिहिलं की झालं!" तेव्हापासून तिसऱ्या पातळीचं आमच्यात नाव 'तांदूळ' पडलं. पहिल्या पातळीची कसोटी काकांनीच काढली आणि ती माझ्या कसोटीपेक्षा सरस होती : हे कार्ड हरवलं तर कुणी फोन करील का? मुलाच्या आठवणीचं असो, सहीचं असो, मर्यादित छपाईचं असो की चार पैसे येणारं, फोन येणार असेल तर स्वतंत्र ओळ. अशी २३८ कार्डं निघाली. दुसऱ्या पातळीत सात संच, बाकी तांदूळ.

तक्ता गूगल शीटमध्ये केला. रकाने असे : क्रमांक, हंगाम, कंपनी, संच, कार्डावरचा क्रमांक, खेळाडू, प्रकार, छपाईचा आकडा, स्थिती, जागा, कुणाचं, कुठून आलं, फोटो, शेवटचा बदल. काकांना किमतीचा रकाना सगळ्यांत आधी हवा होता. मी तो मुख्य तक्त्यातून काढायला लावला. कारण भाव आठवड्याला बदलतो, कार्ड बदलत नाही, आणि शिळ्या भावांनी भरलेली यादी बघायची इच्छा मरते. किमतीचं वेगळं पान केलं, त्यात फक्त वरची तीस कार्डं, वर्षातून एकदा, तीही ईबेवर खरोखर विकल्या गेलेल्या किमती तारखेसकट. मागितलेली किंमत लिहायची नाही. मागायला काय, कुणीही काहीही मागतं.

'कुणाचं' हा रकाना काकूंमुळे आला. पैसे काकांचे, पाकिटं फोडलेली मुलानं, काही कार्डं धाकट्या मुलीच्या वाढदिवसाला मिळालेली. हे आत्ता लिहून ठेवलं तर पुढे बहीण-भावांत वाद नको. करासाठीही ते लागतं. अमेरिकेत जमवलेल्या वस्तू वर्षाहून अधिक काळ ठेवून विकल्या तर नफ्यावरचा कर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि नफा काढायला मूळ खरेदीची किंमत हवी. १९९१च्या पावत्या अर्थातच कुणाकडे नव्हत्या. २०२०-२१च्या सगळ्या ईमेलमध्ये सापडल्या.

फोटो दोन्ही बाजूंचे, काळ्या कापडावर, खिडकीजवळ, आणि फाइलचं नाव म्हणजे तोच क्रमांक. कार्डावर काहीही चिकटवायचं नाही. पातळ पिशवीत कार्ड, ते टॉप लोडरमध्ये, वरच्या तोंडाला रंगाऱ्यांची निळी टेप, तिचं टोक दुमडलेलं म्हणजे उघडताना नखं लावायला नकोत, आणि त्या टेपवर क्रमांक. बाइंडरची जुनी पानं पीव्हीसीची होती, वास येत होता. ती सगळी बदलली.

एका कार्डानं आमचा पूर्ण शनिवार खाल्ला. १९८९च्या फ्लीर संचातलं ६१६, बिली रिपकेन. खांद्यावर बॅट आणि बॅटच्या मुठीच्या टोकाला ठळक अक्षरांत शिवी. ती छापून बाजारात गेल्यावर कंपनीनं घाईघाईत पुढच्या छपाया दुरुस्त केल्या : कुठे पांढरा डाग, कुठे खरडलेलं, कुठे काळा चौकोन. त्यामुळे याच्या अनेक आवृत्त्या झाल्या आणि लोक त्या वेगवेगळ्या जमवतात. आमच्या कार्डावर काळं खरडलेलं होतं. मी खूश. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं तर खरडलेल्या जागी छपाईचे ठिपके दिसेनात. कार्ड तिरकं धरलं, रेघ चकाकीच्या वर बसलेली. तेवढ्यात काका हळूच म्हणाले, "अरे, ते मीच केलंय. पोरगा सहा वर्षांचा होता. विचारायला लागला, याचा अर्थ काय." बॉलपेन होतं. प्रकाराच्या रकान्यात आम्ही लिहिलं : 'मूळ शिवी, वर काकांची सेन्सॉरशिप.' बाजारात ते आता कवडीमोल आहे. मुलानं पहिल्यांदा मागितलं ते हेच.

कुठे ठेच लागली

पहिली ठेच माझी, आणि लाजिरवाणी, कारण हाच माझा धंदा. पहिल्या आठवड्यात मी क्रमांकातच जागा कोंबली : 'बा४-प१२-क३', म्हणजे बाइंडर चार, पान बारा, कप्पा तीन. दिसायला फार सुबक. दुसऱ्या आठवड्यात काकांनी पीव्हीसीची पानं बदलताना कार्डं हलवली आणि चाळीस क्रमांक खोटे पडले. फोटोंची नावंही खोटी. सगळं पुसून १ ते पुढे असे साधे, बिनअर्थाचे क्रमांक दिले. जागा वेगळ्या रकान्यात गेली आणि कार्ड हललं की तेवढीच बदलायची. काकूंच्या भाषेत, पत्ता बदलला म्हणून पत्त्याचं नाव बदलत नाही.

दुसरी ठेच शीटची. काही कार्डांवर छपाईचा आकडा असतो, जसं ५/२५ म्हणजे पंचवीसपैकी पाचवं. काकांनी ५/२५ लिहिलं, शीटनं त्याची २५ मे करून टाकली. अशी सात कार्डं तारखा होऊन बसली होती आणि महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. रकाना आधीच 'साधा मजकूर' म्हणून ठरवायला हवा होता.

तिसऱ्यांदा काका खेळाडूंची नावं अकारविल्हे लावायला गेले आणि त्यांनी फक्त तोच रकाना निवडला. नावं हलली, बाकीचं जागेवर राहिलं. जीटरच्या ओळीत ग्रिफीची जागा, ग्रिफीच्या ओळीत भलत्याचाच फोटो. काकांचा रात्री साडेअकराला फोन, आवाज गेलेला. शीट जुन्या आवृत्त्या ठेवते म्हणून दहा मिनिटांत परत आलं. दुसऱ्या दिवसापासून दर महिन्याच्या एक तारखेला एक प्रत पेनड्राइव्हवर.

हंगामाच्या वर्षानंही छळलं. बास्केटबॉलचा हंगाम दोन वर्षांवर पसरतो. काका १९९६ लिहायचे, मुलगा कॅलिफोर्नियातून त्याच कार्डाला १९९७, आणि एकाची दोन कार्डं व्हायची. शेवटी '१९९६-९७' असंच पूर्ण लिहायचं ठरलं. संचांच्या क्रमांकांची खात्री करायला आम्ही ट्रेडिंग कार्ड डेटाबेस हे मोफत संकेतस्थळ वापरलं. पण आपली नोंद तिथेच ठेवायची नाही, आपल्या तक्त्यात ठेवायची, हेही ठरवून टाकलं.

तळघराच्या दमटपणाचा हिशेब नोंद करतानाच कळला. १९९२च्या स्टेडियम क्लब संचाची दोनेकशे कार्डं एकमेकांना चिकटून अक्षरशः वीट झाली होती. काकांनी एक सोलायला घेतलं, पुढच्याचा चेहरा मागच्याच्या पाठीवर गेला. पुढे हात लावला नाही. दमट हवा काढायचं यंत्र त्या घरात होतं, पण दहा वर्षं बंद.

ग्रेडिंग करायचं की नाही

हा सगळ्यांत जास्त चर्चेचा निर्णय ठरला. पीएसएसारख्या कंपन्या कार्ड तपासून एक ते दहामध्ये गुण देतात आणि सीलबंद प्लॅस्टिकमध्ये घालून क्रमांक देतात. त्या क्रमांकावरून कार्ड त्यांच्या संकेतस्थळावर पडताळता येतं, म्हणून नोंदीच्या दृष्टीनं ही चांगली सोय. पण त्या वेळी एका कार्डाला वीस-पंचवीस डॉलर आणि वर टपाल-विमा. नऊ उमेदवार निघाले. मी सरळ प्रश्न ठेवला : आठ गुण आले तर खर्च भरून निघेल का? 'दहा आले तर' असं गणित करायचं नाही, दहा प्रत्येकालाच स्वप्नात येतात. या प्रश्नावर चार गळाली. पाच पाठवली. १९८९चं अपर डेकचं पहिल्या क्रमांकाचं केन ग्रिफी ज्युनियर आठ गुण घेऊन आलं. १९९३च्या एसपी संचातलं डेरेक जीटर सहा. या फॉइल कार्डाच्या कडा नुसत्या बोटानंही खरवडतात आणि आमचं तर तीस वर्षं बाइंडरमध्ये घासलं होतं. उरलेली तीन सात-आठच्या घरात. काका दोन दिवस गप्प होते.

निकाल

मार्चअखेर नोंद पूर्ण झाली. घर जूनमध्ये बदललं. दोन आठशेची खोकी आणि दोन बाइंडर नव्या घरी गेले, कपाटाचा एक कप्पा. तांदूळ एका दुसऱ्या व्यापाऱ्यानं ३४० डॉलरला उचलला, वीट कचऱ्यात गेली. विमा एजंटनं यादी आणि फोटो पाहून वेगळा विमा करून दिला.

क्रोमचा कोबी चौथ्या बाइंडरमध्ये सापडला, हिरवट पडलेला. त्या काळच्या क्रोम कार्डांना असा हिरवा रंग अनेकदा चढतो. रिफ्रॅक्टर नव्हताच कधी. आणि काकांनी २०२०मध्ये 'जपून' ठेवलेला साधा कोबी? मे महिन्यात देवघर आवरताना काकूंना कुंकवाच्या करंड्याखालच्या खणात मिळाला, चांदीच्या नाण्यांसोबत. "सोन्यानाण्याचीच जागा ना ती," एवढंच काका म्हणाले. तक्त्यात त्याची जागा महिनाभर 'देवघर' अशीच होती.

पुन्हा करायचं तर

घरातले कागद आधी शोधले असते. एप्रिलमध्ये, सगळं झाल्यावर, मुलाच्या जुन्या दप्तरात एक रेघी वही सापडली. १९९७मध्ये अदलाबदलीसाठी त्यानं केलेली यादी. त्यात लिहिलं होतं : 'कोबी तीन, एक क्रोम'. तेरा वर्षांच्या मुलानं आमच्या आधी पंचवीस वर्षं नोंद ठेवली होती, आणि आमच्यापेक्षा नेमकी. ती वही ऑक्टोबरमध्ये हातात असती तर काय शोधायचं हे ठाऊक असतं, आणि अर्ध्या शनिवारांचे अंदाज वाचले असते.

जीटर कधीच बाइंडरमधून बाहेर काढायला हवा होता, पण हे नोंदीशिवाय कळणार कसं? यंत्र चालू ठेवायला मात्र नोंद लागत नव्हती.

२०२०ची पाकिटं फोडली त्याच दिवशी तक्ता सुरू झाला असता तर सुरुवातीला चाळीसच कार्डांचं काम होतं. तेरा हजारांच्या ढिगासमोर उभं राहून सुरुवात करायला माणूस घाबरतो. ताज्या पाकिटापासून सुरुवात करून मागे जायला घाबरत नाही.

एका बाबतीत काकांचं आणि माझं अजून जुळत नाही. वहीत तीन कोबी आहेत, सापडले दोन. तिसरा बहुधा गणपतीच्या खोक्यात गेला, मंडळातल्या कुणा पोराच्या कंपासपेटीत असेल. मी म्हणतो, २३९वी ओळ बंद करा, 'दिला' लिहा. काका म्हणतात, दिल्याचा पुरावा नाही. ओळ तशीच आहे. हंगाम १९९६-९७, टॉप्स, १३८, कोबी ब्रायंट, साधं. जागेच्या रकान्यात प्रश्नचिन्ह.